जिन्याखालचं सातवं स्टेशन

माझं लग्न झालं तेव्हा सासरी सासू नव्हती, सासरे नव्हते. मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस बाई. पण घरात एक नणंद होती आणि जिन्याखाली एक यंत्र होतं. नणंद माझ्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, लग्न न केलेल्या, भूकंप केंद्रात नोकरीला. यंत्र पिठाच्या डब्याएवढं, सिमेंटच्या ओट्यावर बसवलेलं, वरून लाकडी पेटी पालथी घातलेली. दोघांपैकी माझ्या संसारात जास्त लुडबूड कोणाची, हे मला कितीतरी वर्षं ठरवता आलं नाही.

त्या नणंदेबद्दल मी आज लिहायला बसले आहे. मी शिवणकाम करणारी बाई. लिहिण्याचा सराव काय तो गिऱ्हाइकांची मापं वहीत टिपण्यापुरता. पण आमच्या ताईंबद्दल या वस्तीत इतकी वर्षं इतकं उलटसुलट बोललं गेलं, आणि त्यात माझंही तोंड होतं, की एकदा काय झालं ते सरळ सांगून टाकावं असं वाटतं.

ताईंचं काम नेमकं काय, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. तेव्हा मला सातवा महिना होता. सोनोग्राफीचा कागद घेऊन घरी आले तर ताई तो उजेडात धरून बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, "आम्हीही हेच करतो गं. फरक एवढाच, की डॉक्टर आपल्या यंत्रातून आवाज आत सोडतात. आम्ही काही सोडत नाही. नुसतं ऐकत बसतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आमच्या खोऱ्याच्या पोटात, तीन-चार किलोमीटर खाली, दगड रोज कुठे ना कुठे केसभर सरकतो. वर कोणाला पत्ता लागत नाही, कपातला चहासुद्धा हलत नाही. पण त्या सरकण्यातून लाटा निघतात आणि चहूकडे पसरतात. घट्ट दगडातून त्या भराभर येतात; दगड फुटलेला, भिजलेला असेल तर रेंगाळत येतात. गावाभोवती अशी चौदा यंत्रं मांडलेली होती. कोणत्या हादऱ्याची लाट कोणत्या यंत्रापाशी सेकंदाच्या कितव्या शतांशाला पोचली, अशा हजारो वेळा गोळा केल्या की त्यांवरून जमिनीच्या आत कुठे काय आहे त्याचं चित्र संगणक काढून देतो. त्या वेळा वाचायचं काम ताईंचं. हुद्दा नोंद सहायक. पदवी नसल्यामुळे एकोणीस वर्षांत त्या हुद्द्याला पुढे 'वरिष्ठ' एवढं लागलं आणि तिथेच थांबलं.

वस्तीत त्यांना हादरेबाई म्हणत. समोर ताई, पाठ वळली की हादरेबाई. कोपऱ्यावरचा सायकलवाला मात्र तोंडावरच विचारायचा, "काय ताई, काल काही हललं का?" थट्टा चाललीय हे ताईंच्या गावीही नसायचं. त्या थांबून नीट उत्तर द्यायच्या, "काल अकरा झाले. त्यातले दोन तुमच्या दुकानाच्या बरोबर खाली, साडेतीन किलोमीटरवर." सायकलवाला हसायचा, दुकानातली माणसं हसायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणायचे, तुझ्या बहिणीला कोणीतरी सांगा, लोक टर उडवतात. तो म्हणायचा, तूच सांग.

चौदांपैकी सातव्या नंबरचं यंत्र, केंद्राच्या भाषेत सातवं स्टेशन, आमच्या घरात. घर उतारावर, उघड्या कातळावर बांधलेलं. त्यामुळे जिन्याखालची जागा केंद्राला पसंत पडली होती. माझं शिलाई मशीन तिथून आठ पावलांवर. लग्नाला महिना झाला असेल नसेल, एके संध्याकाळी ताई कामावरून आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "आज दुपारी दोन ते साडेतीन तू काही शिवलं नाहीस. बरं वाटत नव्हतं का?"

त्यांनी काळजीनेच विचारलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझं मशीन चालू असलं की केंद्रातल्या पडद्यावर सातव्या ओळीत दाट दाट खरवड उठायची. मी दुपारी झोपते हे तिथल्या अकरा माणसांना रोज दिसत होतं. मी त्याच दिवशी मशीन वरच्या मजल्यावर नेलं आणि आठवडाभर ताईंशी बोलले नाही. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "सातवं किती स्वच्छ येतंय हल्ली." मी बोलत नव्हते हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

एकदा डबा द्यायला मी केंद्रात गेले होते. लांब खोली, खिडक्यांना जाड पडदे, ताईंच्या टेबलावर संगणक आणि त्याच्या पडद्यावर चौदा ओळी. ताई पुठ्ठ्याची एक पट्टी घेऊन बसल्या होत्या. पट्टीला मधे एक फट. ती फट एका ओळीवर धरायची, बाकीच्या तेरा झाकून टाकायच्या, आणि रेघ पहिल्यांदा कुठे थरथरली ते शोधायचं. मी विचारलं, झाकायचं कशाला? तर म्हणाल्या, "शेजारची ओळ दिसली की मन म्हणतं, ही पण इथेच असेल. मग आपल्याला तिथेच दिसायला लागतं." प्रत्येक हादरा त्या दोनदा वाचायच्या, दुसऱ्यांदा आठवड्याने, पहिला आकडा न बघता. दोन्ही जुळले तरच शाईने लिहायचा. कळत नसेल तिथे रकाना रिकामा सोडायचा. संगणक आपोआप वेळा काढून द्यायला लागला तेव्हा केंद्रातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि ताई संगणकाच्या चुका काढत बसल्या. शंभरात सात-आठ निघायच्याच.

आता मुख्य गोष्ट. आमच्या डोंगराखालून बोगदा न्यायचं ठरलं. पलीकडच्या धरणाचं पाणी गावात आणायचं होतं, आणि ते हवंच होतं, त्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. बोगद्याची सरळ रेघ आमच्या वस्तीच्या खालून, अडीचशे मीटर खोलीवरून जात होती. वर आमची सत्तर घरं. अडीचशे मीटर घट्ट कातळ असेल तर वरच्याला काही कळणारही नाही, असं बोगद्याचे इंजिनिअर म्हणत, आणि ते खरंच होतं.

केंद्रात एक नव्या संशोधक मॅडम आल्या होत्या. वयाने ताईंच्या अर्ध्या, पण ताईंच्या वह्यांची किंमत पहिल्या आठवड्यात ओळखलेल्या. त्यांनी ताईंच्या सगळ्या वेळा एकत्र करून खोऱ्याचं चित्र काढलं. चित्रात डोंगर निळा आला, म्हणजे घट्ट. आणि आमच्या वस्तीच्या खाली, दोनशे मीटरच्या पुढे, एक लाल डाग आला. लाल म्हणजे लाटा तिथून रेंगाळत येतात. दगड फुटलेला आहे, बहुधा पाण्याने भरलेला. बोगदा तिथून गेला तर ते पाणी बोगद्यात उतरणार आणि वरची जमीन हळूहळू बसणार. जमिनीबरोबर घरं.

ताईंनी हे घरी सांगितलं तेव्हा मी हातातलं शिवण खाली ठेवलं. नवऱ्याच्या वडिलांनी बांधलेलं घर, वरती माझी मशीनची खोली, मुलीची खोली. ताईंनी आणलेल्या त्या चित्राकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

नगरपालिकेत सभा झाली. मॅडमनी चित्र दाखवलं. इंजिनिअर मोठ्या हुद्द्याचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला: हा डाग सातव्या स्टेशनच्या अगदी खालीच कसा? त्या स्टेशनचं घड्याळ चुकलं असेल तर लाटा उशिरा आल्यासारख्या दिसतील आणि चित्रात असाच डाग उठेल, हे खरं की नाही? मॅडमना हो म्हणावं लागलं. दुसरा: सातवं स्टेशन ज्या घरात आहे ते कोणाचं?

सभेत कुजबुज झाली. ताई उठून म्हणाल्या, "माझं. म्हणजे माझ्या भावाचं. मीही तिथेच राहते."

"मग आपल्याला समजेल, मी का विचारतोय ते," इंजिनिअर म्हणाले. आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं. घर वाचवायला बाईंनी आकडे वाढवले, असं सभेतल्या निम्म्या लोकांना त्या क्षणी वाटलं असणार. घड्याळाचा पुरावा द्यायला पंधरा दिवस मिळाले. पुरावा पटला तर बोगद्याआधी डोंगराला एक चाचणीचं भोक पाडून बघायचं. नाही पटला तर काम सुरू.

यंत्राचं घड्याळ उपग्रहावरून वेळ घेतं. त्यासाठी एक पांढरी डबी असते, लिंबाएवढी, वायरीने यंत्राला जोडलेली. ती उघड्या आकाशाखाली ठेवावी लागते. आमची जिन्याजवळच्या खिडकीच्या गजाला बांधलेली होती.

ताईंनी सातव्या स्टेशनचे सगळे आकडे तारखेप्रमाणे लावायला घेतले. केंद्रातून येऊन जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरायचा आणि ठिपके द्यायचे. लाट यायला हवी त्यापेक्षा किती उशिरा आली, त्याचा एकेक ठिपका. वर्षानुवर्षांचे ठिपके आठ शतांशाच्या आसपास एका पट्ट्यात पडत गेले. चौथ्या संध्याकाळी त्यांची पेन्सिल थांबली. तीन वर्षांपूर्वीच्या अकरा मार्चपासून ठिपके हळूहळू वर चढत होते. आठाचे नऊ, नवाचे दहा, चढत चढत सोळापर्यंत. आणि वीस एप्रिलला एकदम परत आठवर.

"अगं," त्यांनी मला हाक मारली, "त्या वर्षी अकरा मार्चला घरात काय होतं?"

मी माझी मापांची वही काढली. दहा तारखेला लिहिलेलं होतं: उद्यापासून रंगारी, कामं घेऊ नयेत. आणि मला सगळं आठवलं. रंगारी म्हणाला होता, खिडकी मोकळी करा. मी गजाची ती पांढरी डबी सोडवली आणि वायरीसकट जिन्याखालच्या कपाटात ठेवून दिली. रंग दोन दिवसांत झाला. पण खिडकीचे नवे पडदे शिवायचे होते, आणि शिवणारीच्या घरचे पडदे सगळ्यात शेवटी शिवले जातात. चाळीस दिवसांनी पडदे लागले, तेव्हा डबी परत गजाला बांधली. त्या चाळीस दिवसांत यंत्राला बाहेरून वेळ मिळाली नव्हती. ते आपल्या मनाने चालत राहिलं आणि रोज थोडं थोडं चुकत गेलं.

मी हे सांगितलं तेव्हा ताई रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती. त्या उठल्या आणि जिन्याखालची नोंदवही घेऊन आल्या. बाकीच्या तेरा स्टेशनांवर त्या दर पंधरवड्याला जायच्या, पेटी उघडायच्या, घड्याळाचा हिरवा दिवा बघायच्या आणि वहीत सही करायच्या. उन्हात, चिखलात, दोन स्टेशनांना तर दीड तास चढ. आमच्या घरच्या वहीत त्या मार्च-एप्रिलमध्ये एकही सही नव्हती.

"घरचंच आहे, कुठे जातंय, असं म्हटलं असणार मी," त्या म्हणाल्या. "दहा पावलांवर होतं आणि मी बघितलं नाही. तुझी नाही ही चूक."

यात अजून एक वाईट गोष्ट होती. नेमक्या त्याच चाळीस दिवसांत खोऱ्याखाली हादऱ्यांची रांग लागली होती. सातव्या स्टेशनच्या तेराशे चांगल्या नोंदींपैकी पाचशे त्या दिवसांतल्या. त्या काढून टाकल्या की चित्र पातळ होणार.

मी म्हटलं, "ताई, हे सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी तुमच्या पाया पडते. त्यांना हे माहीत नाहीये. तुम्ही आत्ता घड्याळ चुकलं होतं म्हणालात तर ते पुढचं एक अक्षर ऐकून घेणार नाहीत. सत्तर घरं आहेत. आपलं घर आहे. आणि डाग खरा आहे, असं तुम्हीच म्हणता ना?"

नवराही मधे पडला. "ताई, विचारतील तेवढंच सांग. खोटं बोल असं कोण म्हणतंय?"

"या चाळीस दिवसांचं ते विचारणार नाहीत," ताई म्हणाल्या, "म्हणून तर सांगायला हवं."

एवढं बोलून त्यांनी आलेख गुंडाळला आणि कणीक मळायला घेतली. मी दोन दिवस तोंड फुगवून होते. खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला होता. स्वतःचं नाव स्वच्छ ठेवायला ही बाई माझ्या डोक्यावरचं छप्पर घालवणार, असं मी नवऱ्याला बोलून दाखवलं.

दुसऱ्या सभेला अख्खी वस्ती आली होती. सायकलवाला दुकान बंद करून पहिल्या रांगेत. मी मुद्दाम मागे बसले. बोलायला मॅडम उठतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण उठल्या ताई. हातात कागद नाही. पहिलंच वाक्य त्यांनी टाकलं, "सातव्या स्टेशनचं घड्याळ चाळीस दिवस चुकलेलं होतं. ते तपासायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही."

सभागृहात एकदम कालवा झाला. माझ्या शेजारची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं, बुडवलं हिने." मी डोळे मिटून घेतले. इंजिनिअरनी समोरची फाइल बंद केली आणि म्हणाले, "मग विषय संपला."

"चाळीस दिवसांचा संपला," ताई म्हणाल्या. "ते आम्ही काढून टाकलेत. राहिलेल्या वर्षांचा बाकी आहे."

मॅडमनी नवं चित्र लावलं. डाग आधीपेक्षा लहान झाला होता, फिका झाला होता. पण होता.

"उरलेल्या दिवसांत घड्याळ बरोबर होतं, हे मी कशावरून मानायचं?" इंजिनिअरनी विचारलं. प्रश्न रास्त होता, मलासुद्धा तो पटला.

"मानू नका," ताई म्हणाल्या. "साहेब, तुमच्या घरी एका गावाहून दोन पाहुणे निघालेत असं समजा. एक सायकलवर, एक पायी. एकाच वेळी निघालेत, एकाच वाटेने. तुमच्या घरचं घड्याळ चुकलेलं असेल तर काय होईल?"

"दोघंही सारखेच उशिरा आलेले दिसतील."

"आणि वाटेत चिखल असेल तर?"

"सायकलवाल्याला थोडा उशीर. पायी येणाऱ्याला फार. दोघांमधलं अंतर वाढेल."

"ते अंतर मोजायला घड्याळ बरोबर असावं लागत नाही, नुसतं चालू असावं लागतं. प्रत्येक हादऱ्यातून दोन लाटा निघतात, एक चपळ आणि एक संथ. सातव्या स्टेशनवर चपळ लाटेला आठ शतांश उशीर आहे आणि संथ लाटेला वीस. घड्याळाचा दोष असता तर दोघींना सारखाच उशीर दिसला असता."

मी सोळा वर्षं या बाईबरोबर एका घरात राहिले, त्यांना चार माणसांत मान वर करून बोलताना पाहिलं नव्हतं. इथे त्या अशा बोलत होत्या, जशी मी गिऱ्हाइकाला सांगते की कापड कमी आहे, झगा होणार नाही.

इंजिनिअरनी ती बंद केलेली फाइल बाजूला सारली. म्हणाले, "तुमचे आकडे नकोत. मला मूळ रेघा द्या, दहा हादऱ्यांच्या. कोणते ते मी सांगतो." त्यांनी यादीकडे न बघता बोट ठेवून दहा तारखा काढल्या. मॅडमनी त्या छापून आणल्या. मग ते गृहस्थ टेबलाशी बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि पट्टी घेऊन स्वतः मोजायला लागले. ताईंनी पर्समधून आपली पुठ्ठ्याची पट्टी काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि जाऊन बसल्या. तासभर लागला. एकही माणूस उठून गेला नाही. एका रेघेपाशी ते अडले आणि ताईंकडे बघून म्हणाले, "हा कळत नाही."

"मलाही कळला नव्हता. तो रकाना रिकामा आहे," ताई म्हणाल्या.

त्यांनी ताईंची वही उघडून पाहिलं. रकाना रिकामा होता. बाकीच्या नऊंची त्यांनी सरासरी काढली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "दोन लाटांमधलं अंतर तुमच्या हिशेबाने बारा शतांश जास्त. माझं अकरा आलं." मग बरोबर आणलेल्या मुकादमाला सांगितलं, चाचणीच्या भोकाची तयारी करा.

वस्तीतल्या खेळाच्या मैदानात भोक पाडायचं यंत्र उभं राहिलं. खाली पोलादी नळी फिरत जाते, वरून पाणी सोडतात, ते पाणी दगडाची भुकटी घेऊन परत वर येतं. आणि नळीतून दगडाच्या लांब कांड्या निघतात. त्या लाकडी खोक्यांत ओळीने लावायच्या, कडेला मीटर लिहायचा. पन्नास मीटर झाले, शंभर झाले. कांड्या अशा गुळगुळीत आणि अखंड, की पाट्यावर वरवंटा म्हणून ठेवाव्यात. सायकलवाला रोज येऊन खोकी बघून जायचा आणि दुकानात आकडा जाहीर करायचा. दीडशे. एकशे ऐंशी. दोनशे. ताई सकाळी कामावर जाताना तिथे थांबायच्या, खोकी बघायच्या आणि निघून जायच्या. मी विचारलं, भीती वाटत नाही का? म्हणाल्या, "वाटते. दोनशेच्या पुढे म्हटलं आहे. नक्की मीटर मला सांगता येत नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर मी चुकले. बोगदा होईल, गावाला पाणी येईल."

दोनशे पाचला कातळ. दोनशे दहाला कातळ. त्या दिवशी मी मशीन सोडून दुपारची तिथेच जाऊन बसले होते. ताईंनीही अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. इंजिनिअर आलेले, वस्तीतली पंधरा-वीस माणसं कुंपणाला टेकलेली. यंत्रवाल्याने अचानक हात वर केला आणि नळी थांबवली. वाकून टाकीत पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "पाणी परत येईना."

मला काही उमगलं नाही. इंजिनिअर मात्र भराभर चालत गेले. वरून पाणी सोडत होते तेवढंच्या तेवढं खाली कुठेतरी जिरत होतं. म्हणजे नळी फुटक्या दगडात शिरली होती. कांडी बाहेर काढली तर ती कांडी नव्हतीच. मुठीएवढे, बोटाएवढे, ओले लालसर तुकडे पन्हळीत ओघळले. यंत्रवाल्याने खोक्याच्या कडेला खडूने लिहिलं, दोनशे चौदा.

ताई खोक्यापाशी उकिडव्या बसल्या. एक तुकडा उचलला, तो बोटांत भुगा झाला. एकोणीस वर्षं ज्याची नुसती वेळ वाचली ते आज त्यांच्या हातात होतं. इंजिनिअर शेजारी येऊन तसेच उकिडवे बसले. मोठ्या हुद्द्याचा माणूस, कडक इस्त्रीची पँट, चिखलात. त्यांनी विचारलं, "ताई, बोगदा कुठून वळवू? पूर्वेकडून की पश्चिमेकडून?"

"पूर्वेकडून," ताई म्हणाल्या. "तिकडची चारी स्टेशनं घट्ट सांगतात. पण तिथेही आधी एक भोक पाडून बघा."

कुंपणापाशी आनंदाचा गलका सुरू झाला होता. सभेतली ती माझी शेजारीण मला मिठी मारून म्हणाली, "बघितलंस, चाळीस दिवस टाकून दिले तरी निघालंच की."

इंजिनिअर उठून हात पुसत होते. त्यांनी ते ऐकलं. ते तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही घरच्या ना? एक सांगतो. त्या चाळीस दिवसांचा मला पत्ताही लागला नसता. बाईंनी ते स्वतःहून सांगितले नसते, तर त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर मी कधी विश्वास ठेवला नसता. हे यंत्र इथे आलं नसतं."

सांगू नका म्हणून पाया पडणारी मी होते. माझं ऐकलं असतं तर या दिवशी या मैदानात काहीच झालं नसतं, आणि खाली बोगदा आमच्या अंगाखाली येत गेला असता. मी ताईंपाशी गेले. त्यांना उठायला हात दिला. त्यांचा तळवा त्या ओल्या दगडाने लाल झाला होता आणि त्यांनी तो पुसला नव्हता.

"ताई, मी चुकले," मी म्हटलं.

"दोघी चुकलो होतो," त्या म्हणाल्या. "चल, उशीर झाला."

आम्ही उतारावरून घराकडे निघालो तेव्हा माणसं आपोआप बाजूला होऊन वाट देत होती. त्यांतल्या प्रत्येकाला हात धरून सांगावं असं मला वाटत होतं, की बघा, ही माझी नणंद आहे.